सावकाश घातलेली प्रदक्षिणा

(रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या शिरूर अनंतपाळ भागातली माणसं देव करायला भरपूर हिंडतात. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. हात थोडा सैल असला तर तिरुपती. जीप ठरवायची, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची, पहाटे चारला निघायचं आणि एका दिवसात चार देव उरकून रात्री घरी यायचं. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी विचारतात, ‘दर्शन नीट झालं का? रांग किती होती?’ देऊळ कसं होतं, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर सांगता येत नाही, कारण रांगेतून सरकताना समोरच्याच्या पाठीशिवाय काही दिसलेलंच नसतं.

मी टीका करत नाही. दर्शनाला गेलेला माणूस दर्शनच घेणार. पण ज्यांनी ही देवळं बांधली त्यांनी गाभाऱ्यातल्या चार हात जागेवर जेवढी मेहनत घेतली, तिच्या कितीतरी पट बाहेरच्या भिंतीवर घेतली आहे. गाभारा अंधारा, साधा, कित्येकदा अगदी कोरा. सगळं कोरीवकाम बाहेर. ते कोणासाठी? प्रदक्षिणा घालणाऱ्यासाठी. आपण ती प्रदक्षिणा मान खाली घालून, पायांना चटके बसतात म्हणून पळत घालतो. आज मला बोलायचंय ते ही प्रदक्षिणा सावकाश घालण्याबद्दल.

सुरुवात जवळच करू. शिरूर अनंतपाळ १९९९ साली वेगळा तालुका झाला, तोवर आम्ही निलंगा तालुक्यातले. तहसीलचं काम, कोर्टाची तारीख, बी-बियाणं, सगळ्याला निलंगाच. कचेरीच्या कामासाठी निलंग्याला शंभर वेळा गेलेल्या माणसांना मी विचारलं आहे, नीळकंठेश्वराच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर काय आहे? उत्तर बहुधा एकच येतं: ‘मागं कोण जातंय?’

नीळकंठेश्वराचं देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातलं. एका सभामंडपाला तीन बाजूंनी तीन गाभारे आणि चौथ्या बाजूने आपण आत येतो. एका गाभाऱ्यात महादेवाची पिंड, एकात विष्णू, एकात उमा-महेश्वर. शैव मोठा की वैष्णव मोठा, या वादावर पुढे लोकांनी ग्रंथ लिहिले. इथे बांधणाऱ्याने तिघांना एका छपराखाली आणून बसवलं आणि विषय संपवला. तीन गाभारे असलेली अशी देवळं आपल्याकडे आणि खाली कर्नाटकात बरीच आहेत.

आपण सगळे याला हेमाडपंती म्हणतो. काळा दगड आणि चुन्याशिवाय रचलेली भिंत दिसली की हेमाडपंती म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मराठवाड्यातली कितीतरी ‘हेमाडपंती’ देवळं त्याच्या जन्माआधीच उभी होती. आमच्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, निलंग्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातलं. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने तिथे राजधानी नेली. म्हणजे आज राज्याच्या टोकाला पडलेला, बस वेळेवर न मिळणारा हा आमचा भाग त्या काळी राजधानीच्या अंगणातला होता. देवळं इतकी आणि इतकी चांगली का, याचं उत्तर नकाशातच आहे.

आता प्रदक्षिणा. आधी जोत्याकडे पाहा. जोतं सरळ उभं नसतं. एकावर एक थर असतात, कुठे आत घेतलेले, कुठे बाहेर काढलेले. मग भिंत. ही भिंत सपाट नाही. ती सारखे कोन घेत पुढे जाते, म्हणून वरून पाहिलं तर देवळाचा आकार चांदणीसारखा दिसतो. याचा उपयोग उन्हात कळतो. सकाळी आठ-नऊला किंवा दिवस कलताना गेलात तर प्रत्येक कोनावर उजेडाची एक पट्टी आणि सावलीची एक पट्टी पडते आणि काळी भिंत जिवंत होते. भर दुपारी बारा वाजता तीच भिंत नुसती काळी दिसते. आपल्या सहली मात्र नेमक्या बाराला पोचतात.

कोनाकोनावर बायका उभ्या आहेत. त्यांना सुरसुंदरी म्हणतात. अशा देवळांवर ही मंडळी नेहमी भेटतात: कोणी आरशात पाहून कुंकू लावतेय, कोणी पायातला काटा काढतेय, कोणाचं वस्त्र माकड ओढतंय, कोणी हातात लेखणी घेऊन लिहितेय. लिहिणारी बाई आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवर! आमच्या भागात मुलींची शाळा ही कालपरवाची गोष्ट. शाळकरी मुलींना घेऊन मी अशा देवळांत गेलो आहे. त्यांना युद्धाची, राक्षसांची शिल्पं फारशी आवडत नाहीत. काटा काढणाऱ्या बाईपाशी मात्र हमखास घोळका होतो, कारण तो काटा त्यांच्याही पायात मोडलेला असतो. दागिने पाहा, अंबाड्याचे प्रकार पाहा. सोनाराने आणि पार्लरवालीनेही येऊन पाहावेत असे आहेत.

या मूर्ती कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशेला आणि का बसवल्या, यालाही शास्त्र आहे. आपल्या देगलूरच्या मातीतले डॉ. गो. बं. देगलूरकर यांनी मराठवाड्यातल्या मंदिरांचा आणि मूर्तींचा आयुष्यभर अभ्यास केला तो याच अंगाने. शास्त्रात शिरायची प्रत्येकाला गरज नाही. पण भिंतीच्या मधोमध जो मोठा कोनाडा असतो, त्याला देवकोष्ठ म्हणतात, आणि त्यातली मूर्ती आतल्या देवाचंच एखादं रूप सांगते, एवढं ध्यानात ठेवलं तरी प्रदक्षिणेला अर्थ येतो. आत एक पिंड आहे. बाहेर तिन्ही बाजूंना त्या पिंडीची गोष्ट आहे.

दगडाविषयी बोलायचं तर आमच्या भागात एक गोष्ट ओलांडून पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. ती जमिनीच्या हादऱ्याने गेली त्याहून आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद भिंती. पण त्या एकसंध नव्हत्या. आतल्या तोंडाला गोटे, बाहेरच्या तोंडाला गोटे, मधे माती आणि खडी; दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. डोक्यावर लाकडाच्या पटईवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हादरा बसला, भिंतीची दोन तोंडं दोन बाजूंना फुटली आणि माळवद खाली आलं.

त्यानंतर आमच्याकडे दगड म्हटलं की माणसांच्या छातीत धस्स व्हायचं. घर धड उभं असलं तरी लोक अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे, कित्येक वर्षं. दगडाची घरं गेली, सिमेंटची आली. ते योग्यच झालं. पण ही भीती देवळांपर्यंतही पोचली असं मला दिसतं. ‘जुनं आहे, दगडाचं आहे, पाडून नवीन बांधू’ हे वाक्य गावोगावच्या बैठकांत फार सहज निघतं. म्हणून सांगायचं की दगड आणि दगड यांत फरक आहे. देवळाच्या भिंतीतला चिरा घडीव आहे, बैठक घासून दुसऱ्यावर बसवलेला आहे, खांबावर तुळई आणि तुळईवर छत असा भार खाली उतरवत नेलेला आहे. भूकंपानंतर इंजिनियर मंडळींनी जुन्या भिंती पक्क्या करताना जो पहिला सल्ला दिला तो दोन्ही तोंडं सांधणारा आरपार दगड घालण्याचा होता. दगड दगडाला धरून राहिला पाहिजे, हे देवळाच्या पाथरवटाला आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. घरं बांधताना आपण ते कधी विसरलो, हा खरा विचार करण्याचा विषय आहे. नीळकंठेश्वर किल्लारीपासून काही लांब नाही, आणि तो उभा आहे.

निलंग्याहून औशाकडे जाताना खरोसा लागतं. तिथल्या टेकडीत लेणी आहेत, वेरूळ-अजिंठ्यासारख्या टणक काळ्या दगडात खोदलेली नाहीत, जांभ्यात खोदलेली. जांभा मऊ, नाकीडोळी राहिलेली नाहीत. तरी जाऊन या. मी मात्र आता तुम्हाला तेरला नेणार आहे, कारण सावकाश पाहण्याचं खरं गाव ते.

तेर लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचं तेर म्हणून माहीत. चैत्र वद्यात तिथे मोठी यात्रा भरते, दिंड्या येतात. काकांची समाधी शके १२३९ची, म्हणजे इसवी सन १३१७. नदीकाठच्या समाधीवर डोकं टेकवायचं, प्रसाद घ्यायचा, परत फिरायचं, अशी बहुतेकांची तेरची वारी. पण काकांच्या जन्माआधीच हे गाव हजार-बाराशे वर्षांचं जुनं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लस नावाच्या प्रवासपुस्तकात तगर नावाची बाजारपेठ आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरची. तिथून कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाई. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली मांडलं आणि पाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी इथल्या वास्तू तपासल्या.

त्या वास्तूंतली पहिली त्रिविक्रमाचं देऊळ. बाहेरून पाहाल तर चक्रावाल. पुढे सपाट छताचा मंडप, तो आपल्या ओळखीचा. त्यामागे मात्र एक विटांची इमारत, जिची मागची बाजू गोल आहे आणि छप्पर उपड्या होडीसारखं किंवा बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखं. तिला गजपृष्ठ म्हणतात ते त्यामुळेच. दर्शनी बाजूला घोड्याच्या नालेसारखी कमान. ज्यांनी अजिंठा पाहिलाय त्यांना ती कमान लगेच ओळखू येईल. हा चैत्य आहे! अजिंठ्याला जे डोंगरात खोदलं, तेच इथे विटांनी जमिनीवर बांधलेलं. अशा इमारती एकेकाळी देशभर असणार. विटांच्या म्हणून पडल्या. आज उभ्या असलेल्यांची नावं बोटांवर मोजावी लागतात. आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर हे त्यातलं एक आणि आपलं तेरचं हे दुसरं.

मूळ चैत्य बौद्धांचा, नंतर तो विष्णूचा झाला, असं कझिन्स यांनी मांडलं. पुढच्या अभ्यासकांत यावर मतभेद आहेत आणि ते राहोत. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी. आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, बळीच्या गोष्टीतला तिसरं पाऊल उचललेला वामन. तिची पूजा चालू राहिली म्हणून दिवा लागत राहिला, कोणीतरी झाडलोट केली, पावसाळ्याआधी वर चढून उगवलेलं पिंपळाचं रोप उपटलं. विटांची इमारत दीड हजार वर्षं उभी राहते ती अशी. पूजा थांबली की पहिल्या दहा पावसाळ्यांत छप्पर जातं. तेरच्याच आसपासच्या पांढरीच्या टेकाडांत अशा किती इमारती पडून माती झाल्या, ते १९५८च्या आणि नंतरच्या उत्खननांत दिसलं.

तेर हे सगळं भाजलेल्या मातीचं गाव आहे. उत्तरेश्वर आणि काळेश्वर ही दोन जुनी देवळं, सहाव्या-सातव्या शतकातली मानतात, तीही विटांची. काळेश्वर तर गोरोबाकाकांच्या समाधीला लागूनच. दर्शनाला जाणारे लाखो लोक त्याच्या भिंतीवरून बोट न फिरवता परततात. बोट फिरवून पाहा. विटा घासून, कापून त्यांना दगडासारखे घाट दिलेले आहेत. इथल्या जुन्या विटा हलक्या, इतक्या की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून भाजला की भुसा जळून जातो आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात. उंच शिखराला हलकी वीट हवी, हा त्यामागचा साधा हिशोब. सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या बाहुल्या, साच्यात दोन अर्धुकं काढून जोडलेल्या, याच गावच्या. आणि हजार वर्षांनी या गावाला संत मिळाला तोही कुंभार! योगायोग म्हणा हवं तर, मला तसं म्हणवत नाही.

काकांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने थापटणं पाहून विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे कळवळले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. परंपरा हा प्रसंग तेरचाच मानते. ज्या गावात दीड हजार वर्षं मडकी, विटा आणि बाहुल्या भाजल्या, त्या गावच्या माणसाला माणूस तपासायला दुसरी कोणती उपमा सुचणार? देवळाच्या विटेवर बोट टेकवून ही गोष्ट मुलांना सांगा, ती जन्मभर विसरत नाहीत.

नामदेवांचं मडकं पक्कं झालं ते औंढ्याला, असं सांगतात. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले आणि नामदेव जिथे पाय उचलून ठेवतील तिथे पिंड, ती गोष्ट औंढा नागनाथाची. हिंगोली जिल्ह्यातलं हे देऊळ तेरहून लांब आहे, एका दिवसात दोन्ही करू नका. पण कधीतरी जाल तेव्हा रांगेत उभं राहण्याआधी वीस पावलं मागे सरका आणि देवळाकडे एकदा सबंध पाहा. खालचा भाग काळ्या दगडाचा, चांदणीसारखे कोन घेणारा, हत्तींच्या रांगा आणि मूर्तींनी गच्च भरलेला, यादवांच्या काळातला. अमुक उंचीवर ती भिंत एकदम थांबते. वर विटा, चुना, पांढरं शिखर, ते नंतरचं. मधली रेघ डोळ्यांनी दिसते. देऊळ कधी मोडलं आणि नंतरच्या माणसांनी जे जमेल, परवडेल, हाताला येत होतं त्याने ते पुन्हा उभं केलं, हे सगळं त्या एका रेघेत आहे. काळ्या दगडाची विद्या तोवर गेलेली होती. त्यांनी खालच्याची नक्कलही केली नाही. आपल्या पद्धतीने शिखर बांधलं. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. आजकालच्या जीर्णोद्धारापेक्षा तो बरा.

आणि हेच कच्चं मडकं पुढे पंजाबात गेलं. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. नांदेडला, जिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं, तिथल्या सचखंड गुरुद्वारात ती वाणी आजही ऐकू येते. गुरुद्वाराची आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. पंजाबातून आलेला यात्रेकरू नांदेडला उतरतो तेव्हा त्याला हे ठाऊक असतं. औंढ्याहून नांदेडला आलेल्या आपल्या माणसाला बहुधा नसतं.

जीर्णोद्धाराचा विषय निघालाच आहे, तर तो बोलूनच टाकतो. आजच्या बोलण्याचं कारणही तेच आहे. पूजा चालू राहिली म्हणून देवळं टिकली, हे मी आत्ता त्रिविक्रमापाशी सांगितलं. पण पूजा करणारे आपणच आज ती झाकून टाकतोय. गावात देणगी जमली की पहिलं काम ऑइलपेंट. खांब गुलाबी, कीर्तिमुखाचे डोळे पांढरे, सुरसुंदरीला निळी साडी. दगडात आणि सांध्यांत मुरलेलं पाणी वाळून बाहेर पडायचं असतं; रंगाने वाट बंद झाली की ते आतच राहतं आणि काही वर्षांनी रंगासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. मग कोणीतरी सुचवतं, वाळूचा फवारा मारून साफ करू. रंग जातो, आणि त्याबरोबर बोटांची नखं, ओठांची कड, दागिन्याचा मणी जातो. पुढची देणगी फरशीची. सभामंडपात जुन्या दगडी जमिनीवर चकचकीत फरशी बसते, जमीन वीतभर वर येते, खांबांचे तळखडे पुरले जातात, आणि चांगल्या उंचीचा मंडप बुटका होतो. त्यावर माणसं घसरून पडतात ती वेगळीच. बाहेर पत्र्याची शेड, जिने भिंतीवरचं ऊन कायमचं बंद होतं.

यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, हे मी जाणतो. घाम गाळून मिळवलेला पैसा माणूस देवाला देतो तेव्हा त्याला काहीतरी चकचकीत, नवं दिसायला हवं असतं. दगड आहे तसा ठेवण्यासाठी देणगी द्या, असं म्हटलं तर कोण देईल? पण हे होऊ शकतं, आणि तेही साध्या देवळात झालेलं नाही, खुद्द पंढरपुरात झालंय. २०२४ साली १५ मार्चपासून विठ्ठलाचं पदस्पर्श दर्शन थांबवलं गेलं आणि जूनच्या सुरुवातीला ते पुन्हा सुरू झालं. मधल्या अडीच महिन्यांत पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली गाभाऱ्यातल्या नंतर बसवलेल्या फरश्या आणि चांदीचं आवरण काढून मूळचा काळा दगड मोकळा केला. त्याच कामात मे महिन्याच्या अखेरीस एक तळघर सापडलं आणि त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. रोज हजारोंची रांग असलेल्या देवाचं दर्शन अडीच महिने मर्यादित ठेवता येतं, आणि वारकऱ्यांनी ते सोसलं. मग आपल्या गावच्या महादेवाला घाई कसली?

जे देऊळ राज्याने संरक्षित म्हणून जाहीर केलं आहे तिथे १९६०चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो; खात्याच्या परवानगीशिवाय तिथे काही बांधता-पाडता येत नाही. तसा फलक आवारात असतो, वाचून घ्यावा. खरी काळजी आहे ती फलक नसलेल्या देवळांची. आमच्या भागात असं गाव दाखवा, जिथे पाराखाली एखादी अर्धी तुटलेली मूर्ती, एखादा वीरगळ, देवळाच्या खांबाचा तुकडा नाही. वीरगळाला कोणी शेंदूर फासून मारुती केलेला असतो, कोणी त्यावर धुणं आपटतं. त्यांचं काय करायचं हे मुंबईत ठरत नाही. ते गावकीच्या बैठकीत रात्री नऊ वाजता ठरतं, दहा-बारा माणसांत, आणि कंत्राटदार तिथे बसलेला असतो. त्या बैठकीत एकाने जरी म्हटलं, ‘थांबा, रंग देण्याआधी खात्याला एक पत्र टाकू, मूळ खांब तसेच ठेवून फक्त वरची गळती काढू,’ तरी पुष्कळ वाचेल. पण असं म्हणणारा माणूस तोच असणार, ज्याने त्या खांबाकडे कधीतरी नीट पाहिलंय. न पाहिलेल्या वस्तूसाठी कोणी भांडत नाही. गळती काढणं हेच खरं काम असतं, बरं का. छतावरचं गवत, रोपं, बुजलेली पन्हाळी. ते स्वस्त असतं, दिसत मात्र नाही, म्हणून त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही.

सुट्टीत जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. उन्हं तिरपी असतात आणि भिंती उत्तम दिसतात. मुलांना वही आणि पेन्सिल द्या, मोबाइलवर काढलेले फोटो कोणी परत पाहत नाही. एका देवळाला दोन तास द्या. आधी बाहेरून एक फेरी जोत्याची, दुसरी मधल्या मूर्तींची, तिसरी शिखराची. मग आत. मंडपात मध्यभागी उभं राहून वर पाहायला विसरू नका. छताचा दगड कोपऱ्याकोपऱ्यातून तिरका टाकत लहान लहान होत वर कसा मिटवला आहे ते तिथेच दिसतं.

तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय चुकवू नका. हे गृहस्थ गावातलेच. शेतात नांगराला, पावसाने खचलेल्या दरडीत जे जे सापडलं ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं: मणी, नाणी, दिवे, बाहुल्या, हजारो वस्तू. पुढे तो संग्रह शासनाकडे आला. तिथली हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती पाहा. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली, जे शहर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं.

आणि त्याच संग्रहालयात एक लाकडी चौकट आहे. काळी पडलेली, बारीक नक्षीची. ही उत्तरेश्वराच्या गाभाऱ्याची. लाकूड आणि ते इतक्या जुन्या काळचं, मराठवाड्याच्या उन्हापावसात टिकलेलं, हे फार क्वचित पाहायला मिळतं. देवळात राहिली असती तर वाळवीने किंवा तेलाच्या हातांनी ती संपली असती, म्हणून जपण्यासाठी इकडे आली. देव मात्र तिकडेच आहे. आधी इथे येऊन चौकट पाहा, तिच्या दोन्ही बाजूंची वेल, वरच्या आकृत्या डोळ्यांत साठवा. मग चालत उत्तरेश्वराला जा, दाराशी थांबा आणि ती चौकट मनाने तिथे बसवून पाहा. मग आत जाऊन दर्शन घ्या.